रत्नपारख शिकायची ती कोणत्या बाजाराजवळ?

रत्नशास्त्र ही खनिजशास्त्राची व्यवहारी शाखा असून, हातातील खडा कोणत्या खनिजाचा आहे, तो भूगर्भात घडला की प्रयोगशाळेत, आणि त्याचा रंग वा स्वच्छता सुधारण्यासाठी माणसाने त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, या प्रश्नांची उत्तरे खड्याला इजा न करता देणे हे तिचे काम होय. परदेशात हे शिक्षण घेऊ पाहणारा विद्यार्थी बहुधा संस्थेच्या नावापासून विचार सुरू करतो. परंतु दहापट भिंग, सूक्ष्मदर्शक आणि अपवर्तनांकमापक यांवर उभा असलेला पायाभूत अभ्यासक्रम सर्वत्र जवळपास सारखाच असल्याने, खरा फरक पडतो तो संस्थेच्या भोवती कोणता बाजार आहे आणि तेथे कोणते खडे हाताखालून जातात, यामुळे.

या शिक्षणाचे सर्वांत जुने घर लंडन. तेथील सुवर्णकारांच्या राष्ट्रीय संघटनेने १९०८ मध्ये रत्नशिक्षणाचा विषय हाती घेतला, १९१३ मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या, आणि त्यातूनच आज ‘जेम-ए’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. तिच्या अभ्यासक्रमाचा कल मोजमापाकडे अधिक आहे. खड्यात शिरणारा प्रकाश किती वळतो हे सांगणारा अपवर्तनांक माणकाच्या बाबतीत सुमारे १.७६ ते १.७७ असून माणकात किरण दुभंगतो, तर तशाच लाल दिसणाऱ्या स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७२ असून त्यात किरण एकसंध राहतो; ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल आहे. पदविकेनंतर नावापुढे लावता येणारी ‘एफजीए’ ही अक्षरे सदस्यत्व चालू असेपर्यंतच वापरता येतात, ही अट शुल्काचा हिशेब करताना सहसा कोणी विचारात घेत नाही.

रंगीत खड्यांच्या व्यापारात उतरायचे असेल, तर मात्र थायलंडचा विचार लंडनच्या आधी करावा, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. बँकॉक आणि तेथून आग्नेयेस असलेले चांथाबुरी ही माणिक व नीलम तापविण्याची जगातील प्रमुख केंद्रे आहेत. श्रीलंकेत ‘गेउडा’ म्हणून ओळखले जाणारे दुधट, जवळजवळ टाकाऊ समजले जाणारे कुरुविंद (माणिक व नीलम ज्याचे प्रकार आहेत ते खनिज) अतितीव्र उष्णतेत तापविल्यास निळेशार होते, हे तंत्र थाई व्यापाऱ्यांनी १९७० च्या दशकात व्यवसायाच्या पातळीवर नेले. पुढे २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून आलेल्या नारिंगी व पिवळ्या नीलमांनी नामांकित प्रयोगशाळांनाही चकविले, कारण भट्टीत बेरिलियम हे अतिशय हलके मूलद्रव्य बाहेरून खड्यात शिरविले जात होते आणि ते नेहमीच्या उपकरणांना दिसत नव्हते. ते निश्चितपणे ओळखण्यासाठी लेझरने खड्याचा सूक्ष्म कण उडवून त्याचे रासायनिक पृथक्करण करावे लागते. चांथाबुरीत आठवड्याच्या अखेरीस भरणाऱ्या बाजारात खरेदीदार मेज भाड्याने घेऊन बसतात आणि दलाल खड्यांच्या पुड्या घेऊन त्यांच्यापुढे येतात. असा बाजार जवळ असणे हेच बँकॉकमधील १९७८ पासूनच्या ‘एआयजीएस’सारख्या संस्थेचे मोठे बलस्थान मानावे लागेल, कारण वर्गात दाखविलेले दहा निवडक नमुने शंभर संशयास्पद खड्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

जर्मनीतील ईडार-ओबरश्टाइन हे अकीक घासण्याच्या परंपरेतून वाढलेले गाव असून, ‘जर्मन रत्नशास्त्र संस्था’ तेथे १९३२ पासून आहे. खड्याला पैलू पाडण्याच्या कलेतही ज्याला रस आहे, त्याच्यासाठी ते योग्य ठिकाण आहे. संशोधनाकडे, विशेषतः वर्णपटाच्या साहाय्याने रत्नांची अणुपातळीवरील घडण तपासण्याकडे ओढा असलेल्याने फ्रान्समधील नांत विद्यापीठाची माहिती घ्यावी. मात्र त्यासाठी भौतिकशास्त्राची पूर्वतयारी हवी आणि फ्रेंचही कामापुरती यावी.

हिऱ्याचे गणित वेगळे आहे. रॉबर्ट शिप्ले यांनी १९३१ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘जीआयए’ने १९५० च्या दशकात रूढ केलेली डी ते झेड ही रंगश्रेणी आज जगभरातील हिरेव्यापाराची भाषा झाली आहे. तिच्या ‘ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट’ पदविकेची अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा कठोर असून, वीस खडे दिले जातात आणि वीसही अचूक ओळखावे लागतात. परंतु मुख्यालय कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडमध्ये असले, तरी हीच पदविका मुंबईतील शाखेतही मिळते. शिवाय सुरतेत पैलू पाडलेला माल वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये रोज विकला जातो. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा भिंगाखाली खात्रीने वेगळा काढता येत नाही; त्यासाठी लागणारी वर्णपटमापक यंत्रेही मुंबईतील प्रयोगशाळांत आहेत. त्यामुळे केवळ हिऱ्यांची प्रतवारी शिकण्यासाठी कॅलिफोर्नियाचा खर्च करणाऱ्या मुंबईकर विद्यार्थ्याला तेथील वास्तव्य, ओळखी आणि भाषेचा सराव एवढेच जास्तीचे मिळते. तेवढ्यासाठी तो खर्च परवडतो का, हे प्रवेशअर्ज भरण्याआधी घरच्यांसोबत बसून ठरविलेले बरे.