वाळवलेलं धान्य पुन्हा दमट का होतं?



फाल्गुनात खळ्यावर खडखडीत वाळवलेली शाळू ज्वारी पोत्यांत भरून ठेवली. श्रावणात पोत्यात हात घातला, तर दाणा गार लागतो, कुबट वास येतो. छप्पर गळत नाही, मग पाणी आलं कुठून?

ते हवेतून आलं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तसंच दाण्याचं आहे. हवा कोरडी असली की दाणा ओलावा सोडतो, हवा दमट झाली की परत ओढून घेतो. पावसाळी हवेत उघडी राहिलेली ज्वारी किंवा गहू १४ टक्क्यांच्याही वर ओलावा धरू शकतो. मग बुरशी येते, सोंडे वाढतात आणि बियाण्याची उगवण मार खाते. म्हणून वर्षभर ठेवायच्या धान्यात ओलावा १२ टक्के किंवा त्याहून कमी असावा.

वाळवल्यावर वजन घटतं, ही तक्रार खरी आहे. १८ टक्के ओलाव्याचं १०० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणलं, तर सुमारे ९३ किलो भरतं. पण गेलं ते पाणी. ओलं ठेवलं तर बुरशी आणि किडे दाण्यातलं पीठच खातील.

ओलावा घरीच पाहता येतो. मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर मीठ आणि तीन-चार मुठी धान्य घालून झाकण लावा, दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असं समजा. चिकटलं नाही, तरी लगेच भरू नका. आणखी एक-दोन उन्हं द्या. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे.

वाळवताना आणि भरताना एवढं सांभाळा :

१. धान्य ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर करून पसरा, दिवसातून चार-पाच वेळा हलवा.

२. सांजेला गोळा करून झाका. उघडं राहिलं तर रात्रीचं दव दिवसाची मेहनत घालवतं.

३. उन्हातलं गरम धान्य लगेच पत्र्याच्या कोठीत भरू नका. गरम धान्यातली वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते आणि वरचा थर कुजतो.

४. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. भिंतीपासून हातभर अंतर सोडा.

५. नवं धान्य जुन्यात मिसळू नका.

६. पावसाळ्यात कोठी सारखी उघडू नका. महिन्याभराचं धान्य एकदम काढून झाकण घट्ट लावा. ढगाळ, दमट दिवशी धान्य बाहेर पसरू नका. ते वाळायच्या ऐवजी ओलावाच घेईल. कडक ऊन पडलं तरच वाळवा.

मृग लागण्याआधी एकदा प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली, तर ते पोतं त्याच दिवशी मोकळं करून उन्हात घाला.