आकाशातली नोकरी, जमिनीवरचे हप्ते

कोपरगाव तालुक्यातील काकडी या गावाचे नाव पूर्वी नगर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या कानावर गेले नसेल. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तेथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि आमच्या जिल्ह्याच्या माळरानावर विमाने उतरू लागली. साखर कारखाना, एस.टी., शाळा आणि बँक या चार ठिकाणी नोकरी शोधणाऱ्या आमच्या घरांना एक पाचवी वाट दिसली. मुलगी हवाई सुंदरी होते म्हणाली, तर पूर्वी आजीच्या कपाळाला आठ्या पडत. आता तीच आजी शेजारणीला कौतुकाने सांगते.

हे कौतुक योग्यच आहे. परंतु मुलीचे स्थळ पाहताना आपण घराचा रंग पाहून भुलत नाही, घरावर कर्ज किती हेही विचारतो. नोकरीच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण विसरतो. विमान कंपनीचा डामडौल पाहिला की तिच्या खतावणीत डोकावावे असे कोणाला वाटत नाही.

वस्तुतः हा धंदा मोठा नाजूक आहे. कंपनीच्या नावाने उडणारी बरीचशी विमाने तिची नसतात, ती भाड्याची असतात आणि भाडे बहुधा डॉलरमध्ये द्यावे लागते. इंधनाचा भाव तिच्या हाती नसतो. आणि तिचा माल तर दुधाहूनही नाशवंत! संगमनेरच्या गवळ्याचे दूध विकले गेले नाही, तर निदान दही तरी लावता येते. विमान उडाले की रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचे काहीच करता येत नाही. त्यातून प्रवाशांनी तिकिटांचे पैसे आगाऊ दिलेले असतात, म्हणजे आजचा खर्च उद्याच्या प्रवाशाच्या पैशावर चालतो. प्रवासी येईनासा झाला, की सारा डोलारा डळमळू लागतो.

याचा पहिला मोठा इशारा आपल्याला ऐन दिवाळीच्या तोंडावर मिळाला होता. २००८ साली अमेरिकेतील बँका कोसळल्या आणि ऑक्टोबरात मुंबईच्या जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना कमी करण्याचे ठरवले. गणवेशातील तरुण मुलेमुली रस्त्यावर उतरली, तेव्हा सारा देश हळहळला. एक-दोन दिवसांतच मालक नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेत असल्याचे जाहीर केले. घरोघरी दिवे लागले. पण जमाखर्चाचे गणित काही त्यामुळे बदलले नाही.

१९९३ च्या मे महिन्यात सुरू झालेली हीच कंपनी पुढे कर्जात रुतली. बँकांनी तातडीचे कर्ज नाकारले आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान तिचे शेवटचे ठरले. सुमारे २०,००० माणसांची नोकरी टांगणीला लागली, कित्येकांचे पगार तर आधीपासूनच थकले होते. पुढे नवा खरेदीदार मिळाला, योजना मंजूर झाली, आशा पालवली. पण खरेदीदाराकडून अटी पुऱ्या झाल्या नाहीत, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे भाऊबिजेनंतर चौथ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

मध्यंतरी करोनाची साथ आली. १७ मार्च २०२० रोजी साईमंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि २५ मार्चपासून देशांतर्गत विमानेही थांबली. विमाने दोन महिन्यांनी मर्यादित संख्येने उडू लागली, मंदिर मात्र १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडले. विमान थांबले म्हणजे केवळ वैमानिक घरी बसला असे नव्हे. सामान चढवणारा, टॅक्सीवाला, लॉजमधला पोऱ्या, हारवाला, राहात्याचा पेरू विकणारी बाई, साऱ्यांचीच चूल त्या एका चाकाशी जोडलेली होती. त्या वर्षी जगातील विमानप्रवास आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ दोन तृतीयांशाने घटला. इंडिगोसारख्या आपल्याकडील सर्वांत मोठ्या कंपनीनेही जुलै २०२० मध्ये दहा टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले. साथ ओसरल्यावर, मे २०२३ मध्ये, वाडिया घराण्याची गो फर्स्ट बंद पडली. तिने इंजिनांच्या बिघाडाकडे बोट दाखवले. कारण निराळे, पण घरी बसलेल्या माणसाला त्याचे काय?

अशा वेळी पगाराचे काय होते, हे प्रत्येक गृहिणीने जाणून घ्यावे. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे मोडीत निघालेल्या कंपनीच्या पैशांतून प्रथम प्रक्रियेचा खर्च भागतो. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी आणि तारण घेऊन बसलेल्या बँका यांचा क्रम लागतो. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांपर्यंतची थकबाकी त्यानंतर येते. म्हणजे टाय लावणाऱ्याचा नंबर कामगाराच्याही मागे! भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा पैसा मात्र या वाटणीतून वेगळा ठेवायचा असतो. जेटच्या कर्मचाऱ्यांचा हा हक्क अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. तथापि हक्क मान्य होणे आणि पैसे हाती पडणे यांत किती वर्षे जातात, हे त्या घरांनाच ठाऊक.

तेव्हा मुलांना आकाशात जरूर पाठवावे, पण चार गोष्टी सांगून. निधीचा हप्ता कंपनी खरोखर भरते की नाही, हे पासबुकात दर महिन्याला पाहावे. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी, दावा सांगताना तीच साक्षीदार असते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठ्या घराचा हप्ता अंगावर घेऊ नये. आणि नवराबायको दोघेही एकाच कंपनीत असतील, तर एकाने दुसरी वाट धरता येते का, हे वेळीच पाहावे. पगार लांबू लागला, की तो साहेबाचा विसरभोळेपणा नसतो, ती पहिली घंटा असते.

आज काकडीच्या धावपट्टीवर पुन्हा विमाने उतरतात आणि दिवाळीच्या सुटीत तर शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत गणवेशातली आपली मुले हसतमुखाने उभी असतात. त्यांचे कौतुक करताना यंदाच्या पाडव्याला त्यांच्या निधीचे पासबुकही एकदा मागून पाहावे.