खरखर कुठून आली?



आमच्या घरी आजोबांचा रेडिओ आहे. आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर एक छोटे रेडिओ केंद्र आहे. त्यावर बाजारभाव, पाऊसपाणी आणि आपल्या भागातल्या बायकांची गाणी लागतात. आजोबा ते रोज सकाळ-संध्याकाळ ऐकतात. माझा मामा त्या केंद्रात यंत्रे बघतो.

श्रावणात एका सोमवारी माझ्या हातून रेडिओ खाली पडला. मी तो गुपचूप उचलून फळीवर ठेवला. कोणाला सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी आजोबांनी रेडिओ लावला तर नुसती खरखर! आजोबांनी नवे सेल आणून घातले. तरी खरखरच. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. त्यात शनिवारी आमच्या वर्गाने म्हटलेली गाणी त्या केंद्रावर लागणार होती. सगळे ऐकणार आणि आमच्याच घरी ऐकू येणार नाही, असं मनात येऊन मला जेवण जाईना.

राखीपौर्णिमेला मामा आईकडे आला. तो आठवडाभर बाहेरगावी होता. मी त्याला गोठ्यामागे नेऊन खरं सांगितलं. मामा रागावला नाही. तो म्हणाला, "अगं, आधी बिघाड कुठे आहे ते बघू. मग दोष कोणाचा ते ठरवू."

मामाने आमच्याच रेडिओवर आकाशवाणी लावली. ती स्वच्छ ऐकू आली. मग त्याने मला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. त्यांच्या रेडिओवरही छोट्या केंद्राची खरखरच होती. मामा म्हणाला, "बघ, या रेडिओवर दुसरं केंद्र नीट लागतं आणि हेच केंद्र दुसऱ्या रेडिओवरही बिघडलेलं आहे. म्हणजे बिघाड आमच्याकडे केंद्रात आहे, तुमच्या रेडिओत नाही." मला एकदम हलकं वाटलं.

आजोबा म्हणाले, "मी एक पाहिलंय. पावसाने आणि सकाळच्या दवाने खरखर वाढते. दुपारी ऊन पडलं की जरा कमी होते." मामा लगेच उठला. "आबा, तुम्ही अर्धं काम केलंत. कुठेतरी पाणी शिरलंय." शाळेला सुट्टी होती म्हणून मीही मामाबरोबर गेले.

आता रेडिओ केंद्र कसे चालते ते सांगते. केंद्राच्या खोलीत ट्रान्समीटर नावाची पेटी असते. ती आवाजाला विजेच्या लहरींवर बसवते. त्या लहरी एका जाड केबलमधून उंच मनोऱ्यावर जातात. वर एरिअल असते. तिला अँटेनाही म्हणतात. एरिअल त्या लहरी हवेत सोडते आणि आपला रेडिओ त्या पकडतो.

मामाच्या केंद्राचा आकडा ९०.४ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे एका सेकंदात लहर ९ कोटी ४ लाख वेळा खालीवर होते. लहर सेकंदाला ३० कोटी मीटर धावते. गुरुजींनी फळ्यावर भागाकार करून दाखवला. एका लहरीची लांबी सुमारे ३ मीटर ३२ सेंटिमीटर येते. एरिअलची दांडी तिच्या निम्म्याहून थोडी कमी लांब असते. एरिअलचे माप लहरीशी जुळावे लागते. हर्ट्झ हे नाव हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले. त्यांनी १८८७-८८ साली प्रयोगशाळेत या लहरी दाखवल्या. आपल्या मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले.

एरिअल किंवा केबल बिघडली की काय होते? एक प्रयोग करा. लांब दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसरे टोक हातात धरून एक झटका द्या. लहर गजापर्यंत जाईल आणि तिथून उलटी तुमच्या हाताकडे येईल. केबलमध्ये पाणी शिरले, तार तुटली किंवा सांधा सैल झाला की रेडिओच्या लहरीही अशाच परत येतात. परत आलेल्या शक्तीने ट्रान्समीटर तापून जळू शकतो. म्हणून तो स्वतःच आपली शक्ती कमी करतो. मग आपल्या गावापर्यंत आवाज नीट पोचत नाही.

ट्रान्समीटरवर दोन आकडे दिसतात. किती शक्ती पुढे गेली आणि किती परत आली. एरवी पुढे ५० वॅट आणि परत १ वॅट असते. त्या दिवशी पुढे १२ आणि परत ३ होते. मामा म्हणाला, "चार भाग पाठवले तर एक भाग परत येतोय. हे वाईट."

मग मामाने ट्रान्समीटर बंद करून केबल काढली. तिच्या जागी डब्याएवढी एक वस्तू जोडली. तिला डमी लोड म्हणतात. मी तिला खोटी एरिअल म्हणते. ती सगळी शक्ती गिळते आणि फक्त गरम होते, हवेत काही सोडत नाही. ट्रान्समीटर चालू केला तर पुढे ५० आणि परत शून्य! म्हणजे ट्रान्समीटर चांगला. राहिली केबल आणि एरिअल.

आता मनोऱ्यावर चढायचे होते. ते काम एका शिकलेल्या दादांचे होते. त्यांनी कमरेला पट्टा बांधला. मामाने ट्रान्समीटर बंद करून कुलूप लावले आणि किल्ली दादांच्याच खिशात ठेवली. मी कारण विचारलं. मामा म्हणाला, "कोणी चुकून बटण दाबलं तर एरिअलजवळच्या माणसाला भाजतं. चढणाऱ्याचा जीव चढणाऱ्याच्याच खिशात बरा." आभाळात वीज चमकत असेल तर कोणीच चढत नाही.

दादांनी वरचा सांधा उघडला. त्यातून पाणी ठिबकले. सांध्यावरची चिकटपट्टी उन्हाने तडकली होती. पण मामा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने केबलच्या वरच्या टोकाला खोटी एरिअल जोडायला लावली. दादा खाली आल्यावरच कुलूप उघडले. आकडा अजून वाईटच होता. म्हणजे पाणी केबलच्या आत गेले होते. दादांनी हातभर केबल कापली. मी तो तुकडा पाहिला. मधे तांब्याची तार, भोवती पांढरा फेस, त्याच्याभोवती तारांची जाळी आणि वर काळे आवरण. जाळी चकचकीत असायला हवी, ती काळी पडली होती. वर केबल थोडी राखून ठेवलेली होती म्हणून पुरली. नवा सांधा बसवून पुन्हा तपासले. पुढे ५०, परत शून्य. मग खरी एरिअल जोडली. पुढे ५०, परत १. झाले!

शेवटी सांध्यावर रबरी पट्टी ताणून गुंडाळली. ती स्वतःलाच चिकटून एकजीव होते. वरून उन्हाची काळी पट्टी लावली. केबल खिडकीतून आत येते तिथे तिला खाली झोळ दिलेला होता. पाणी झोळातून गळून पडते, आत येत नाही. पालकांनो, घरच्या टीव्हीच्या छत्रीच्या वायरलाही असा झोळ द्यावा.

मी शिकले ते असे :
१. बिघाड सगळीकडे आहे की आपल्याकडेच, ते आधी बघावे.
२. तो केव्हा वाढतो आणि केव्हा कमी होतो, ते लक्षात ठेवावे.
३. एका वेळी एकच भाग तपासावा. सगळे एकदम बदलले तर कारण कळत नाही.
४. एक बिघाड सापडला तरी पुन्हा तपासावे.
५. मुलांनी मनोऱ्याजवळ जाऊ नये. बघायचे असेल तर मोठ्यांबरोबर लांबून बघावे.

घरी आल्यावर मी आजोबांना रेडिओ पडल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. मागचं झाकण तडकलंय. तू कधी सांगतेस ते बघत होतो." शनिवारी सगळी गल्ली आमच्या ओट्यावर बसली. आमची गाणी स्वच्छ ऐकू आली. फक्त दुसऱ्या गाण्यात मी मोठ्याने खोकले होते, तेसुद्धा स्वच्छ ऐकू आले.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी