अकरावीला गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : “पोरीला डॉक्टर व्हायचंय, मग गणिताचं ओझं कशाला?”

हे अगदीच चुकीचं नाही. नीटच्या परीक्षेत गणित नसतंच. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. जिला खरंच वैद्यकीला जायचंय आणि गणिताचा जाच होतो, तिने ते खुशाल सोडावं. गैरसमज पुढच्या वाक्यात आहे : “गणित सोडलं म्हणजे फक्त इंजिनिअरिंग गेलं.” तसं नाही. आर्किटेक्चरही जातं. एनडीएतून हवाई दल आणि नौदलात जाण्याची वाटही बंद होते, कारण तिथे बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात. भूदलाला मात्र कुठलीही शाखा चालते. फार्मसी आणि कृषी पदवीची दारं मात्र पीसीबीवाल्यांना (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) उघडी राहतात. ही यादी नीटचा निकाल हातात आल्यावर नव्हे, अकरावीचा फॉर्म भरताना घरात वाचली गेली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

मग भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय ठेवले की झालं? अनेक पालक हाच सुरक्षित मार्ग मानतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट देता येतात हे खरं, पण पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे असतात. नीटच्या तयारीतून उरलेल्या वेळात ते होत नाही. माझ्या मते चारही विषय ठेवावेत ते विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या मुलांनी. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे प्रत्येकी १५. पात्रतेला बारावीचे तीन विषय पुरतात, प्रश्नपत्रिका मात्र चौथा विषयही विचारते.

कॉमर्सकडे वळणारे पुष्कळजण गणित टाळायला म्हणूनच वळतात. गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं तरी बी.कॉम. होतं आणि सीएलाही बारावीच्या शाखेची अट नाही. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक, १०० गुणांचा, व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. दोन वर्षं हात न लावलेला विषय तिथे पुन्हा समोर येतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी करायची तर गणित हवंच.

“आर्ट्स घेतलं की पुढे काही नाही” हा समज तर मुलांना फार दुखावतो. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या बारावीवर मिळतो आणि यूपीएससीला कुठल्याही विषयाची पदवी चालते.

आणि सुटलेला विषय कायमचा सुटतो का? नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचा एकच विषयही देता येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जादा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्रही नीटसाठी ग्राह्य धरलं. अकरावीत निवड चुकलेल्या मुलाला “आता संपलं” असं घरात कुणी म्हणू नये. त्याला बहुधा एखादं वर्ष जास्त लागेल.