कप्पा पोचला, गिऱ्हा राहिला

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोमंतकाच्या वाड्यावाड्यांतून जे नरकासुर उभे राहतात, त्यांची तोंडे जरा निरखून पाहावीत. बटबटीत डोळे, लोंबती जीभ, पिळदार मिशा आणि दोन सुळे, हा एकेकाळचा ठरीव साचा. अलीकडच्या काही तोंडांवर मात्र परक्या मुलखांतल्या राक्षसांची झाक दिसते. शिंगांची ठेवण वेगळी, जबडा वेगळा, अंगावरचे खवलेही वेगळे. हे रूप मुलांनी कोठून आणले, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : व्हिडिओ गेममधून. ह्यात नाक मुरडण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही. उसनवारी कलेला नवी नाही आणि रद्दी कागद, गवत, बांबू ह्यांतून दोन पुरुष उंचीचा असुर उभा करणारे हात कौतुकासच पात्र आहेत. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. ज्या देशांतून हे राक्षस येतात, त्या देशांनी आपली भुतेखेते त्या यंत्रापर्यंत पोचवली कशी, आणि आमची मात्र पिंपळावर नि खाडीकाठीच कशी राहिली?

जपानचे उदाहरण घ्यावे. 1996 च्या फेब्रुवारीत निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ ह्या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’ नावाचा खेळ निघाला. सातोशी ताजिरी ह्या तरुणाला लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता. त्या नादातून खेळाची कल्पना निघाली आणि केन सुगिमोरी ह्या चित्रकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिला रूपे दिली. आरंभी दीडशेच्या आसपास असलेले हे प्राणी आज हजाराच्या वर गेले आहेत. ते सगळेच दंतकथांतले नव्हेत, पण ज्यांच्या मागे दंतकथा आहे ते पाहण्यासारखे आहेत. नऊ शेपटांचा मायावी कोल्हा तेथे आहे. हिमवादळात वाटसरूला गाठणारी हिमस्त्री आहे. जमिनीखाली राहून शेपटीच्या हिसक्याने भूकंप घडवणारा मासा आहे. 1855 साली एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, भूकंपाने हादरले तेव्हा ह्याच माशाची रंगीत छापील चित्रे लोकांनी विकत घेतली होती. दीडशे वर्षांनंतरच्या खेळातला त्याचा वंशज भूकंपाची आगाऊ चाहूल घेतो. गुन्हेगाराला ज्योतिषी करण्याची ही तऱ्हा आम्हांस मोठी गमतीची वाटते. पहिल्या दीडशेत तर चोचीऐवजी पंखात कांद्याची पात धरलेले एक बदकही आहे. ‘बदक आपण होऊन पात घेऊन आले’, म्हणजे रस्सा शिजवण्याची आयती सोय झाली, अशा अर्थाची म्हण जपानीत आहे. त्या म्हणीलाच चित्रकाराने पाय आणि पंख दिले.

पण आमचे लक्ष वेधून घेतो तो कप्पा. नदीत, डबक्यात राहणारा, पोरांना नि घोड्यांना पाण्यात ओढणारा हा जलचर. त्याच्या टाळूवर एक खळगा असतो नि त्यात पाणी असते. ते सांडले की त्याचे बळ संपले. म्हणून कप्पा भेटला तर त्याला लवून नमस्कार करावा. तो सभ्य असल्याने उलट लवतो आणि पाणी सांडून बसतो. काकडी त्याला फार प्रिय. आता हे वर्णन ऐकून आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांस गिऱ्ह्याची आठवण होऊ नये काय? तोही पाण्यातला, काळोखात होडीवाल्याची नि वाटसरूची दिशाभूल करणारा. दोघे एकाच धंद्यातले. एक जगभरच्या पोरांच्या खिशात जाऊन बसला, दुसऱ्याचे नाव आमच्या शहरी मुलांना ठाऊकही नाही.

कप्पा तेथवर एका उडीत गेला नाही, आणि मर्म तेथेच आहे. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने 1776 साली देशातल्या नाना भुतांची चित्रे काढून त्यांचे छापील ग्रंथ काढावयास आरंभ केला. ज्या भुतांना तोंडी वर्णनापलीकडे रूप नव्हते, त्यांना चेहरे मिळाले. पुढे 1910 साली यानागिता कुनिओ ह्या सरकारी अधिकाऱ्याने उत्तरेकडच्या तोनो गावच्या गोष्टी तेथल्याच एका तरुणाकडून ऐकून लिहून काढल्या. जपानी लोकविद्येची ती गंगोत्री मानतात. त्या गावात कप्प्याचा डोह आहे आणि कप्पा पकडण्याचा रीतसर परवाना प्रवाशांना विकत मिळतो! त्यानंतरची कडी मिझुकी शिगेरू ह्यांची. बालपणी शेजारच्या एका वृद्धेने त्यांना भुतांच्या कथा सांगितल्या. महायुद्धात राबौलच्या आघाडीवर त्यांनी डावा हात गमावला आणि उरलेल्या उजव्या हाताने त्या म्हातारीची सगळी भुते चित्रकथांत उतरवली. 2015 साली ते वारले. त्यांच्या साकाइमिनातो गावी भुतांच्या शंभराहून अधिक ब्राँझच्या मूर्ती रस्त्याकडेला उभ्या आहेत. म्हणजे म्हातारी, चित्रकार, संग्राहक, चित्रकथाकार आणि मग यंत्र, अशी ही दोनशे वर्षांची वाट आहे. खेळ रचणाऱ्यांच्या हाती सारे काही तयारच आले.

पोलंडची कथा फारशी निराळी नाही. आंद्रेय साप्कोव्स्की ह्यांनी 1986 साली एका मासिकात ‘विचर’ची पहिली कथा लिहिली, ती पोलंडच्या जुन्या लोककथेवर बेतून. तिच्यावरून वॉर्साच्या एका कंपनीने खेळ केले. भर दुपारी शेतात हिंडणारी तिथली ‘मध्यान्हीची बाई’ त्या खेळात भेटते. दुपारी बाराच्या ठोक्याला आणि तिन्हीसांजेला पोरांनी आडवाटेला जाऊ नये, हा आमच्या आयांचा दंडक तिच्या गावीही होता, हे उघड आहे. 2011 साली ओबामा वॉर्सास गेले तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना जी भेट दिली तीत ह्याच मालिकेतला एक खेळ होता. खेड्यातली भुते राजशिष्टाचारात बसली ती अशी!

आमच्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1915 साली एंथोवेन ह्यांनी कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे छापली. तीत वेताळ, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी सगळी वंशावळ आहे. ती सामग्री जमवली होती गावोगावच्या पंतोजींना प्रश्न धाडून, आणि धाडणारे होते ए. एम. टी. जॅक्सन. होय, तेच. 1909 च्या डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांच्या गोळीस बळी पडलेले कलेक्टर. ज्या राजवटीविरुद्ध कोकणचा एक कोवळा मुलगा फासावर गेला, तिच्याच अधिकाऱ्याच्या दप्तरात आमच्या आजीची भुते इंग्रजीत बसून राहावीत, हा योगायोग आम्हांस आजही अस्वस्थ करतो. नंतर दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याला शास्त्राची बैठक दिली. गोमंतकात विनायक खेडेकरांनी ‘लोकसरिता’सारखा ग्रंथ सिद्ध केला. संग्राहक झाले, सेकिएन झाला नाही. पुण्याच्या एका चमूने 2020 साली ‘राजी’ नावाचा देखणा खेळ केला आणि त्याचे परदेशांतही कौतुक झाले. पण त्यातली दुर्गा आणि असुर पुराणांतले. आमचा कलावंत आजही घरातून निघतो तो थेट कैलासावर जातो. वाटेत वेशीवर कोण उभे आहे, हे पाहावयास तो थांबत नाही.

वेशीवर उभा आहे देवचार. येथे मात्र पाऊल जपून टाकले पाहिजे. कोकणच्या त्या इंग्रजी ग्रंथात देवचाराची गणना भुतांत झाली. गोमंतकाच्या गावकऱ्याला विचारा, तो राखणदार आहे. हातात दांडा घेऊन, खांद्यावर कांबळे टाकून रात्री शिवेवरून फिरणारा, चुकलेल्याला घरी पोचवणारा. वेताळाला आम्ही वहाणा वाहतो, कारण त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याच्या जुन्या पाषाणमूर्तींच्या खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला आढळतो. खेळातल्या प्राण्याला ह्याहून भेदक रूप कोणता चित्रकार देणार? पण वेताळ नि देवचार हे कुणी गोळी घालून गुण मिळवावेत असे प्राणी नव्हेत. 2012 साली एका अमेरिकन खेळात कालीमाता लढवय्यी म्हणून अवतरली तेव्हा हिंदूंच्या एका संघटनेने हरकत घेतली, आणि कंपनीने ती मानली नाही. ह्याउलट 2014 साली अलास्काच्या इन्युपियाक लोकांच्या कथेवर एक खेळ निघाला, तो त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेनेच पुढाकार घेऊन. कथा सांगणारा गृहस्थ वारला होता, म्हणून त्याच्या वृद्ध मुलीची संमती घेण्यात आली आणि जमातीतले वडीलधारे खेळ घडवताना सोबत बसले. शेजारच्या तुळुनाडूत 2022 साली ‘कांतारा’ चित्रपट गाजल्यावर हौशी लोक दैवाचा वेष करून रस्त्यावर नाचू लागले, तेव्हा तेथल्या भाविकांना आणि खुद्द चित्रपटकर्त्यालाही तसे करू नका, असे सांगावे लागले. ती पाळी येथे येण्याआधी कोणते रूप चित्रात येऊ शकते नि कोणते राखणीवरच राहू द्यावे, हे गावाने ठरवावे. गिऱ्हा, चकवा, हडळ ह्यांच्याबद्दल कुणी गाऱ्हाणे घालील असे वाटत नाही. राखणदाराबद्दल विचारावे लागेल.

शाळांना दिवाळीची सुटी लागते तेव्हा मुलांना निबंध आणि प्रकल्प दिले जातातच. जॅक्सनचे प्रश्न अजून जुने झालेले नाहीत; ते ह्या वेळी आमच्याच शिक्षकांनी, आमच्याच भाषेत विचारावेत. तुमच्या वाड्यावरच्या कोणत्या झाडाखालून आजी तुम्हांस एकटे जाऊ देत नाही? खाडीत मासे धरणाऱ्यांना रात्री कोण हाक मारते? त्याला काय दिले असता तो वाट सोडतो? तो दिसतो कसा, आणि त्याचे पाय कुठल्या दिशेला असतात? उत्तराखाली अर्धे पान चित्रासाठी कोरे सोडावे.