शाळेतला मिनिस्टर!

रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन. 'अगं, लेकाच्या शाळेतल्या मिनिस्टरचा मेल आलाय. मुलाला पत्र लिहा म्हणतोय!'

मिनिस्टर? माझ्या डोळ्यांसमोर लगेच गाड्यांचा ताफा आणि हारतुरे!

मग कळलं, हा मंत्री नव्हे, 'कॅम्पस मिनिस्टर'. अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक हायस्कूल्समध्ये हे चक्क पगारी पद असतं. तो फादरच असतो असंही नाही. संसारी स्त्री-पुरुषही ही नोकरी करतात. शाळेतल्या मिस्सांची तयारी, मुलांना बेघरांना जेवण वाढायला नेणं, रिट्रीट भरवणं हे झालं ठरलेलं काम. न ठरलेलं काम म्हणजे दार उघडं ठेवून बसणं. कॉलेज अॅडमिशनसाठी काउन्सेलर असतोच. पण 'आजोबा गेले, आता ते कुठे असतील?' हे कुणाला विचारायचं? त्यासाठी हा माणूस.

पत्र हवं होतं ते 'कायरोस' नावाच्या रिट्रीटसाठी. मूळ ग्रीक शब्द, अर्थ योग्य वेळ. मुलं काही दिवस शाळेबाहेर राहतात, एकमेकांशी मनातलं बोलतात. आणि अचानक हातात पडतात घरच्यांची पत्रं!

'पण धर्म बदलायला लावणार नाहीत ना?' बहिणीची धाकधूक. प्रश्न रास्त आहे. धर्म हा या नोकरीचा गाभाच आहे, ते कुणी लपवत नाही. पण श्रद्धा सक्तीने लादू नये, असं खुद्द व्हॅटिकन परिषदेनेच 1965 मध्ये जाहीर केलंय. आपल्याकडे तर राज्यघटनेचं कलम 28 आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांवर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही.

म्हणूनच माझ्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मैत्रिणी कॅटेकिझमला जायच्या आणि आम्ही मॉरल सायन्सला. 'नेहमी खरे बोलावे' वहीत उतरवलं की तास संपला!

नववीत माझे बाबा गेले. पंधरा दिवसांनी शाळेत गेले, तर टीचरनी मायेने एका मुलीची वही हातात दिली. 'पोर्शन भरून काढ हं.' त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या वर्गात साठ मुली होत्या. पण 'कशी आहेस?' हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. अमेरिकेतल्या त्या शाळेत ते कुणाच्या तरी कामात बसतं, याचा मला त्या रात्री चक्क हेवा वाटला.

बहिणीने पत्र लिहिलं. लेकाला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एका पानाला चार दिवस लागले. 'रोज एका घरात राहतो गं, पण हे कधी बोललेच नव्हते त्याच्याशी,' म्हणाली.

तुमच्या ऑफिसात आहे का असं कुणी गप्प गप्प? उद्या कॉफीला घेऊन जा. पोर्शन काय, नंतरही भरता येतो!