बाइट सरकले, तरी सीमा जागेवर

राजगडाच्या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला ड्रोनने टिपायला घेतला, तर सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराचं फुटेज ४५ जीबी होतं. माहितीपट आकाराला येताना रंग बदलतात, आवाज बदलतो, सुवेळा माचीचं नेढं आधी दाखवायचं की शेवटी यावर मतंही बदलतात. प्रत्येक बदलाआधी अख्खं फोल्डर कॉपी केलं, तर दहा बदलांत ४५० जीबी संपले. आणि परवा सगळ्यांना आवडलेली आवृत्ती यातली कोणती, हे विचारलं की गोंधळ तसाच!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्ससाठी गिट लिहिलं. कामाची नोंदवलेली प्रत्येक अवस्था ते जपतं आणि हवी तिथे परत नेतं. पण प्रकल्प उतरवून घेणाऱ्याला एरवी सगळा इतिहासही घ्यावा लागतो. मजकुराचा इतिहास हलका असतो, व्हिडिओचा नाही. म्हणून २०१५ मध्ये गिट एलएफएस आलं. त्यात मोठ्या फाइलच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी राहते: नियमांची आवृत्ती, फाइलचा ठसा आणि आकार. खरी फाइल वेगळ्या कोठारात असते, लागेल तेव्हाच खाली येते.

हा ठसा मला फार सुंदर वाटतो. फाइलमधला प्रत्येक बाइट एका गणिती सूत्रातून जातो आणि ६४ अक्षरं बाहेर पडतात. एक बाइट बदला, ठसा पार बदलतो. आशय तोच असेल तर भोरमध्ये काढा नाहीतर बोस्टनमध्ये, ठसा तोच. शक्य ठशांची संख्या १ वर ७७ शून्यं एवढी, त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने जुळण्याची भीती धरायचं कारण नाही. तीच क्लिप दहा जणांनी चढवली, तरी कोठारात ती एकदाच राहते.

तरीही एक अडचण उरते. मोठ्या फाइलीत एवढासा बदल केला, तरी एलएफएस ती पूर्ण नव्याने साठवतं. मग तुकडे करावेत का? दर ८ केबीला कापलं आणि सुरुवातीला एक बाइट वाढला, तर पुढचा प्रत्येक तुकडा सरकतो, प्रत्येक ठसा बदलतो.

यावरचा उपाय एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये एका फाइल-प्रणालीत वापरला, मायकल रॅबिन यांच्या १९८१ च्या गणितावर. फाइलवरून ४८ बाइटांची खिडकी सरकवायची, प्रत्येक जागी छोटा ठसा काढायचा. त्याचे शेवटचे १३ बिट ठरलेल्या आकड्याशी जुळले की तिथे कापायचं. असं सरासरी ८,१९२ बाइटांमागे एकदा घडतं. भोर-वेल्ह्यातली खोरी अशीच वेगळी झाली आहेत. गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं कुणी पुण्यापासून कोस मोजून आखलेली नाहीत. डोंगराची धार आली, तिथे खोरं संपलं. पुण्याच्या बाजूला चार कोस जमीन वाढली असती, तरी ती धार हलली नसती. फाइलीतही बाइट घुसला तर त्याच्या आसपासचे एक-दोन तुकडे बदलतात, पुढच्या सीमा जागेवर राहतात. रेस्टिक आणि बोर्ग ही बॅकअपची मोफत साधनं याच कल्पनेवर चालतात.

मात्र पुन्हा रेंडर केलेल्या एमपी४ पुढे हे कसब चालत नाही. कॉम्प्रेशनमुळे बदललेल्या जागेपुढचे बाइटही वेगळे होतात. म्हणून जपायचं ते मूळ फुटेज, जे कधी बदलत नाही, आणि एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल. ती मुळात यादीच असते: ही क्लिप, या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत. शंभर आवृत्त्या ठेवल्या तरी फुटेजपुढे त्या नगण्य.

दोघांनी एकाच चित्रावर वेगवेगळे हात फिरवले, तर मात्र गिटला ते जोडता येत नाहीत. त्यासाठी २०१७ मध्ये एलएफएसला कुलूप मिळालं: एकाने फाइल घेतली की त्याने सोडेपर्यंत इतरांना ती फक्त पाहता येते.